गिरणीच्या घरातला टीव्ही

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आधीच माफी मागतो. लिहिणाऱ्या माणसाजवळ जे असायला हवं ते माझ्याजवळ आहे असं मला वाटत नाही. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी चार ओळी लिहिल्या तरी घरच्यांना त्या बरोबरच वाटतात, चूक दाखवणारं कोणी नाही. शिवाय ही गोष्ट माझी कमी आणि माझ्या दादा-वहिनीची जास्त आहे. वहिनीला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा ना भाऊजी, पण आमची नावं नका टाकू. आन् मी रडली-बिडली ते नका लिहू." नावं टाकलेली नाहीत. दुसरं कितपत जमेल सांगता येत नाही.

आमचे आईबाबा आडगावी भाजीपाल्याच्या शेतात राहतात. तिथून कॉलेजला जायला वेळेवर गाडी नाही. म्हणून बारावीनंतर मी धामणगाव बढे इथे दादाकडे राहायला आलो. इथून सकाळची एसटी मोताळ्यावरून बुलढाण्याला जाते. दादाची पिठाची गिरणी आहे. समोरच्या खोलीत गिरणी, मागच्या दोन खोल्यांत राहणं. मधल्या भिंतीत एक दार आहे, पण पीठ बसून बसून ते आता नीट लागत नाही.

गिरणी चालू असली की त्या घरात बोलणं ऐकू येत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, म्हणून दादा-वहिनीनं लग्नानंतर पहिल्या वर्षातच हातानं बोलायला सुरुवात केली होती. बोटं एकमेकांवर चोळली की बारीक दळ, मूठ वळली की जाडं. तळहात आडवा धरला की थांब. दोन बोटं ओठाशी नेली की चहा. कपाळाला बोट लावलं की वहिनीला बोलाव, कारण टिकली. दळण घेऊन येणाऱ्या बायकाही त्यात तरबेज झाल्या होत्या. मी नवा होतो तेव्हा एका आजीनं मला मूठ दाखवली आणि मला वाटलं ती माझ्यावर चिडली आहे.

दादाची मुलगी या सगळ्यात वाढली. ही गोष्ट घडली तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती. चालायला लागल्यापासून तिला हातांची ही भाषा येत होती. बापानं दोन बोटं ओठाशी नेली की ती आत जाऊन आईचा पदर ओढायची आणि तसंच करून दाखवायची. कुणी मूठ वळली की डबा जाड्याच्या रांगेत ढकलायची. बायका कौतुक करायच्या, "लय हुशार हाय वं तुही पोरगी." तोंडानं मात्र ती फार कमी बोलायची. "मा" म्हणायची, "दे"सारखं काहीतरी म्हणायची, बाकी नुसता आवाज. याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. कारण टीव्ही.

टीव्ही दादानं हौसेनं आणला नव्हता. ती रांगत असताना एकदा गिरणीच्या फिरत्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर पोचली होती. दादानं झडप घालून तिला उचललं. त्याच आठवड्यात मागच्या खोलीत टीव्ही आला. मुलांच्या कार्यक्रमांपुढे ती बसली की उठायची नाही, म्हणजे पट्ट्याकडे जायची नाही. गिरणीच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवलेला होता, आणि तो तसाच राहिला. एका कार्यक्रमात निळा हत्ती होता, दुसऱ्यात चष्मा लावलेली एक कोंबडी. ती कोंबडी दर पाच मिनिटांनी तेच गाणं म्हणायची. टीव्ही बंद केला की पोरगी जमिनीवर आडवी पडून आकांत करायची, म्हणून बंद करायचं धाडस कोणी करत नव्हतं. आवाज कमी करून पाहावा असं कुणाला सुचलं नाही. बिनआवाजाचा टीव्ही कोणतं लेकरू पाहील?

त्या आवाजात दादा-वहिनी कसे राहत होते ते मी जवळून पाहिलं. वहिनीनं स्वयंपाक कार्यक्रमांवर बसवला होता. हत्ती आला की भात टाकायचा, कोंबडीचं तिसरं गाणं झालं की कुकर उतरवायचा. भाकरी थापताना तिचे हात त्या गाण्याच्या चालीवर पडायचे, तिला ते कळतही नसे. दादा कधीकधी आतून उठून गिरणीत जाऊन उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "डोकं शांत कराले आलो बे."

"चक्कीत?"

"हाव. चक्कीचा आवाज आपला हाय. ते कोंबडी कोण लागते आपली?"

पण एकदा गव्हाचा डबा ओतता ओतता तोच कोंबडीचं गाणं गुणगुणत होता. माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यानं डबा खाली ठेवला आणि स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली.

संध्याकाळी गिरणी बंद झाली तरी टीव्ही चालूच असायचा, म्हणून दोघं तेव्हाही हातानंच बोलायचे. लेकीच्या डोक्यावरून. एकदा दादा तिच्या पाठीमागे उभा राहून, कोपरं हलवत, मान पुढेमागे करत कोंबडी होऊन खोलीभर चालला. वहिनी पदरात तोंड घालून हसत राहिली. पोरीनं आईकडे पाहिलं, मग वळून बापाकडे पाहिलं, आणि मग तीही कोपरं हलवायला लागली.

शेजारच्या काकू दळण घेऊन आल्या की टीव्हीकडे पाहून सुनावायच्या. "टीव्हीनं गिळली तुमची पोरगी. ते बोलीन कायले? तिच्या वाटचं ते कोंबडीच बोलून राह्यली दिवसभर."

वहिनी हसून सोडून द्यायची. पण काकू गेल्या की तिचा चेहरा उतरायचा. "खरंच का हो भाऊजी? तुमी शिकलेले हा. टीव्हीनं पोरं बोलत नाई का?" मी मोबाईलवर शोधलं होतं, तसंच लिहिलेलं होतं. मी हो म्हणालो. शिकलेला असल्यासारखं म्हणालो.

माझी परीक्षा जवळ आली. मी कानात कापसाचे बोळे घालून बसायचो, तरी इतिहासाच्या पानांवर कोंबडी यायची. एका दुपारी गिरणीत दळण नव्हतं, दादा सामान आणायला मोताळ्याला गेला होता आणि वहिनी मागे कपडे धूत होती. मी रिमोट घेतला आणि आवाज शून्यावर नेला. रडणं ऐकायची तयारी ठेवून बसलो.

ती रडली नाही. ती नेहमी टीव्हीच्या अगदी जवळ, एक हात त्याच्या कडेला टेकवून बसायची. डोळे खराब होतील म्हणून आम्ही तिला मागे ओढायचो, ती पुन्हा पुढे सरकायची. त्या दिवशी तिनं टीव्हीच्या कडेला दोनदा थापटी मारली. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे पाहायला लागली, आणि हत्ती चिखलात पडला तेव्हा नेहमीसारखी हसली.

मला किती आनंद झाला ते मी इथे कबूल करतो. मी एका बैठकीत अर्धं प्रकरण वाचलं. वहिनी आत आली आणि दारातच थांबली. घरात काहीतरी हरवल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि टीव्हीकडे दाखवलं.

"अगं माय," ती हळूच म्हणाली, "हे कसं केलं तुमी?"

"सवय लावली," मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस ते घर वेगळंच होतं. गिरणी थांबली की खरोखर शांत व्हायचं. दुपारी दादा आत येऊन भिंतीला टेकून बसायचा, वहिनी चहा करायची, समोर हत्ती मुकाट्यानं धावत असायचा आणि पोरगी खुशीत असायची. दादा बडबड्या आहे हे मला तेव्हा कळलं. लहानपणी आम्ही वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडून कसे झोपून गेलो आणि बाबांनी कसं झोडपलं ते त्यानं वहिनीला सांगितलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिनं ते ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "मले वाटे, तुमाले बोलाले आवडतच नाई."

"आवडते ना. पण बोलू कवा? चक्की बंद झाली की तुही कोंबडी सुरू."

"माही कोंबडी? तुमीच घेऊन आले ते डबडं."

मी पुस्तक समोर धरून ऐकत असायचो. हे आपल्यामुळे झालं असं मला वाटायचं. वहिनीनं काकूंनाही सांगितलं, आमच्या भाऊजीनं पोरीची सवय मोडली, आता बोलाले लागीन. काकू म्हणाल्या, "कॉलेजात कामाचं काईतरी शिकवतात म्हणजे."

दगडाला टाकी लावायचा दिवस आला. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग तो उघडून छिन्नीनं पुन्हा खरखरीत करावा लागतो. त्या दिवशी गिरणी पूर्ण बंद असते. त्या दिवशी दादा दोनेक तास ठोकून हातपाय धुवायला आत आला होता. घरात कसलाच आवाज नव्हता. वहिनीनं लेकीसाठी शिरा केला होता. तिनं चुलीपासूनच हाक मारली. हातानं नाही, तोंडानं. शांततेची सवय झाल्यामुळे असेल.

"ये वं माय, शिरा खाले."

पोरगी टीव्हीकडे पाहत होती.

"ये ना बाई. गरम हाय तं ये."

दादा तोंड पुसत म्हणाला, "ते कायची येते? त्या हत्तीच्या मांडीवर बसून राह्यली."

वहिनी उठली. तिनं टीव्ही बंद केला. पोरगी रडायच्या तयारीत वळली, आईचा चेहरा पाहिला, वहिनीनं शिऱ्याची वाटी समोर ठेवून बोटांनी घास दाखवला तशी गप्प झाली आणि खाली बसून खाऊ लागली. वहिनी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. पुन्हा हाक मारली. मग तिनं ओट्यावरची ताट-पळी घेतली आणि लेकीच्या पाठीमागे ताटावर पळी मारली.

मी दचकलो. दादाच्या हातातला टॉवेल पडला. पोरगी शिरा खात होती.

वहिनीनं पुन्हा जोरात मारली, अगदी जवळून. तेव्हा पोरीनं मान थोडीशी उचलली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि पुन्हा घास घेतला.

मग मला बोलावं लागलं. मी सांगितलं की पंधरा दिवस टीव्हीचा आवाज शून्यावर आहे. सवय-बिवय मी लावली नव्हती, एकदम बंद केला तरी ती रडली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं टीव्हीला थापटी मारून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि हाताला लागणारी थरथर कुठे गेली असं ती विचारतेय, हे मी माझ्या अभ्यासाच्या नादात विचारात घेतलं नाही.

वहिनी म्हणाली, "तुमाले काय मालूम भाऊजी. मी माय हाओ, मले नाई समजलं." वहिनी त्यानंतर जे करत होती ते मी लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं आहे.

आम्हाला का समजलं नाही याचा मी नंतर खूप विचार केला. दुसऱ्या कुठल्या घरात ती हाकेला वळत नाही हे लगेच दिसलं असतं. आमच्या घरात कोणीच हाकेला वळत नव्हतं. सगळे चेहऱ्याकडे आणि हाताकडे पाहायचे, तीही पाहायची, आणि ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं पाहायची म्हणून आम्ही तिला हुशार म्हणत होतो. ती हुशार आहेच, ते काही चूक नव्हतं.

दादा मात्र वेगळाच विचार करत होता. तो उठून समोर गेला आणि उघडलेल्या दगडाकडे पाहत उभा राहिला. संध्याकाळी बायका डबे घेऊन आल्या तर त्यानं नुसता तळहात आडवा धरला. दुसऱ्या दिवशीही तेच. दगडाला टाकी लावून झाली होती, तरी त्यानं तो बसवला नाही.

वहिनी म्हणाली, "असं बंद ठेवून काय होते आता?"

"हेच्यानंच झालं," दादा म्हणाला. "पोटात होती तवापासून आवाज. तू नवव्या महिन्यापर्यंत इथंच डबे उचलत होती. मीच म्हणत होतो, थोडं राह्यलं तं एवढं करून घे."

"असं डॉक्टर म्हणाले का?"

"डॉक्टर म्हणीन तवा पाहू. तोवर मी हे चालवत नाई. आन् तसंच असन तं कधीच नाई."

तो उगाच बोलणारा माणूस नाही. गिरणी विकून बाबांसारखा वांगी-मिरची लावीन असंही तो म्हणाला. ते त्याला जमलं असतं. पण लेकीला आपणच बहिरं केलं हे मनात ठेवून तो कसा जगला असता याची मला भीती वाटत होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, मागून टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला. नक्की किती ऐकू येतं आणि कशामुळे, हे कळायला एक वेगळी तपासणी लागेल म्हणाले. पोरीला झोपवून, डोक्याला तारा लावून करायची असते. ती मोठ्या शहरात होणार होती आणि तारीख मिळाली ती नेमकी माझ्या पेपरच्या दिवशीची. मी म्हणालो, पेपर पुढच्या वेळी देईन. दादा म्हणाला, "तू पेपर दे बे. तू तिथं येऊन काय तारा लावणार हा?"

ते पहाटे निघाले. तपासणीच्या वेळी गाढ झोप लागावी म्हणून वाटेत तिला झोपू द्यायचं नव्हतं. मी सोडायला गेलो होतो. बस सुटायच्या आधी खिडकीतून आत पाहिलं तर वहिनी तिला एकेक खूण करून दाखवत होती, चहा, थांब, बारीक, जाडं, आणि ती पेंगत पेंगत तेच करत होती. दादा दोघींकडे न पाहता समोर पाहत होता.

माझा पेपर बरा गेला असं म्हणवत नाही. तीन प्रश्न लिहिले आणि चौथ्यात काय लिहिलं ते आठवत नाही. बाहेर आल्यावर पिशवीतला फोन सुरू केला. काही आलं नव्हतं. मी केला तर लागला नाही. स्टँडवर तासभर बसलो, मग गाडी मिळाली. राजूर घाटात रेंज गेली ती मोताळ्यापर्यंत धड आली नाही. मी फोन हातातच धरून बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यले?" मी म्हणालो, पुतणीची. तो म्हणाला, "येते का ती?" मी पुन्हा फोनकडे पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गिरणीच्या ओट्यावर काकू आणि आणखी दोघी बसल्या होत्या, डबे न आणता. त्यांना फक्त विचारायचं होतं. मी कुलूप उघडत होतो तेव्हा फोन वाजला.

दादा होता. मागे खूप लोकांचा आवाज येत होता.

"दादा? आयकू येऊन राह्यलं का?"

"हाव," तो म्हणाला. "तुले येते ना?"

"येते. सांग ना."

"रिपोट भेटला." त्याचा आवाज जवळ आला, बहुतेक त्यानं फोनवर हात धरला होता. "जन्माचंच हाय म्हणे. आतली नस. चक्कीचं नाई. मी तीन खेपा इचारलं. तिसऱ्या खेपी डॉक्टर चिडले माह्यावर."

मी ओट्यावर बसलो. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आन् आयकू किती येते?"

"दोन्ही कानांनी कमीच येते. मोठा आवाज थोडा येते. पण पूर्ण गेलं नाई. मशीन लावा लागीन, दोन्ही कानाले. कान जपा लागतीन, चक्कीजवळ नाई आणायची. मशीन लावल्यावर बोलाले शिकवणारी बाई असते, तिच्याकडं न्या लागीन. वर्ष, दोन वर्षं, किती ते सांगत नाई. उशीर झाला, पण लय उशीर नाई म्हणे."

"आन् बोलणं?"

मागून वहिनी काहीतरी म्हणाली, मला ते कळलं नाही.

"बोलीन म्हणे," दादा म्हणाला. मग माझ्यापर्यंत पोचलं नसेल असं वाटून त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. "आयकलं का? डॉक्टर म्हणते, बोलीन."